चौथ्या होडीचं वाक्य

कोल्हापुरात मी फ्रेंच शिकवते असं सांगितलं की लोक हमखास पॅरिसचं विचारतात. पॅरिस मी पाहिलेलं नाही. फ्रेंचच्या निमित्ताने मी एकच प्रवास केला आणि त्यातून परत आल्यावर कितीतरी दिवस मला धड झोप लागली नाही. तो प्रवास भिवंडीचा. "भिवंडीला कोण हौसेने जातं का?" असं घरच्यांनी निघतानाच विचारलं होतं. आल्यावर त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

निमित्त होतं एका फ्रेंच वकिलाचं. चारशे वर्षांपूर्वी हा गृहस्थ कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, फ्रेंचांनी नव्याने बांधलेल्या लाकडी कोटात जाऊन राहिला. कोटाचा प्रमुख लांबच्या सफरीवर गेला होता. तो परत येईल तेव्हा स्वागत म्हणून या वकिलाने एक छोटं पद्यनाटक लिहिलं आणि ते चक्क पाण्यावर, होड्यांमधून केलं. समुद्रदेव होडीतून येतो आणि प्रमुखाला आशीर्वाद देतो. मग तिथले चार मूळ रहिवासी नजराणे घेऊन येतात आणि त्याची सत्ता मान्य करतात. ते रहिवासी झाले होते अर्थात फ्रेंचच. काही लोक म्हणतात, त्या मुलखात लिहून सादर झालेलं हे पहिलं युरोपीय नाटक आहे, त्याचा मान राखा. काही म्हणतात, दुसऱ्याची जमीन घेताना 'घे' हा शब्द त्याच्याच तोंडात घालणारं हे लिखाण, त्याचा कसला उत्सव करता? २००६ साली नाटकाला चारशे वर्षं झाली तेव्हा तिकडे हा वाद पुन्हा पेटला. मी तो वाचत होते आणि वाचता वाचता नाटक मराठीत करून ठेवलं होतं.

त्याची एक प्रत मी सुलभा कर्णिकला पाठवली. सुलभा माझी कॉलेजातली मैत्रीण. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत राहिलेल्या शिक्षकांच्या घरातली. तिथेच इतिहास शिकवते आणि नाटकं बसवते. दिवाळी झाली आणि तिचा फोन आला, "नीला, आम्ही हे खाडीवर करतोय. खऱ्या होड्यांमध्ये. तू आलीच पाहिजेस."

मी गेले.

शुक्रवार, भिवंडी

कल्याणहून रिक्षा भिवंडीत शिरली तेव्हा पहिल्यांदा कानात शिरला तो लूमचा, यंत्रमागांचा, आवाज. तो एका जागेहून येत नाही. भिंतींतून, गटारांवरच्या फरशांतून, चहाच्या टपरीतल्या बाकड्यातून येतो. सुलभाच्या घरातसुद्धा पाण्याच्या तांब्यावर बारीक थरथर दिसते. आम्ही बोलत बसलो होतो आणि अचानक सगळं थांबलं. मी दचकून उठले.

"काय झालं?"

"काही नाही, लोडशेडिंग," सुलभा म्हणाली. "आवाज बंद झाला की इथल्या माणसाला कळतं, वीज गेली. पंख्याकडे बघावं लागत नाही."

जेवायला सोड्याची, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, खिचडी होती. आमच्याकडे वाळवलेल्या माशाला घरात घेताना नाक मुरडतात. इथे पाहुणा आला म्हणून जपून ठेवलेले सोडे काढले होते. मी दोनदा वाढून घेतली. पण सुलभा स्वतः जेवत नव्हती. भात चिवडत होती.

शेवटी तिनं सांगितलं. नाटकाच्या होड्या, मांडव, माईक, जनरेटर, सगळं मोहनशेठने दिलं होतं. मोहनशेठ म्हणजे त्या पट्ट्यातले मोठे गोदामवाले. नुकतेच युरोपची सहल करून आले होते, आणि खाडीवरचा ढक्का, म्हणजे होड्या लागायचा धक्का, त्यांनी दुरुस्त करून दिला म्हणून गाव रविवारी त्यांचा सत्कार करणार होतं. त्याच कार्यक्रमात आमचं नाटक.

"म्हणजे कोटाच्या प्रमुखाच्या जागी..."

"मोहनशेठ बसणार. ढक्क्यावर, खुर्चीत. नजराणे त्यांच्या पुढे ठेवायचे." तिनं ताट बाजूला सरकवलं. "मला वाटलं होतं, गंमत होईल. बघणाऱ्याला कळेल आणि शेठला कळणार नाही. आता वाटतं, सगळ्यांनाच कळलंय."

शनिवार, खाडीकाठ

गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या लोकांना तिथेच राहायचं आहे. नारपोली मागे टाकली, दापोडे आणि वळ पार केलं की दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं लागतात. निळ्या पत्र्यांची, खिडक्या नसलेली, एकेक आमच्या गावच्या तालमीच्या मैदानाएवढी. कंटेनर रस्त्यावर उभे, त्यांच्या सावलीत ड्रायव्हर स्टोव्हवर डाळ शिजवताहेत. मधूनच एखादं भाताचं खाचर राहून गेलेलं, कापणी झालेलं. मग रस्ता अरुंद होतो, चिखलाचा ओला खारट वास येतो आणि समोर खाडी दिसायला हवी, तिथे एक लांबलचक भिंत येते. भिंतीत लोखंडी फाटक, फाटकाशी वॉचमन.

"कहाँ जाना है?" त्यानं विचारलं.

"ढक्क्यावर. नाटकाची तालीम आहे," सुलभा म्हणाली.

त्यानं फोन लावला, कुणाला तरी विचारलं आणि मग फाटक उघडलं. आमच्या मागे डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई थांबली होती. साठीच्या आतबाहेरची, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. तिलाही त्यानं आत सोडलं, पण आधी टोपलीत डोकावून बघितलं. ती सरळ पुढे चालत गेली. त्याच्याकडे बघितलंही नाही.

ती जनाबाई भोईर. आमच्या नाटकातली चौथी.

मूळ नाटकात चौथ्या रहिवाशाला शिकार मिळालेली नसते, म्हणून तो मासे धरून आणायला निघतो. सुलभाने त्या जागी जनाबाईंना घेतलं होतं, कारण त्या खरोखरच रोज पहाटे भरती बघून होडी काढत आणि भिवंडीच्या बाजारात मासे विकत. बाकी तिघे गावच्या नाट्यमंडळातले. एक भाताच्या लोंब्या आणणार, दुसरा मीठ, तिसरा लूमवरचं कापड. समुद्रदेव झाले होते बाळाराम पाटील. पन्नाशीचे, धिप्पाड, गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी राजा होणारे. जमीन विकून त्यांनी स्वतःचं एक छोटं गोदाम बांधलं होतं आणि ते मोहनशेठलाच भाड्याने दिलं होतं.

तालीम सुरू झाली. बाळारामांचा आवाज असा की खाडीपलीकडच्या बगळ्यांनी माना वर केल्या. लोंब्या, मीठ, कापड, सगळं ठीक झालं. मग जनाबाईंची होडी ढक्क्याला लागली. त्या उभ्या राहिल्या, टोपली पुढे धरली, सुरुवातीच्या ओळी स्वच्छ म्हटल्या. शेवटचं वाक्य होतं, मूळ आशयाला धरून मीच केलेलं: 'हे पाणी तुझं, हा काठ तुझा, आम्हीही तुझेच.'

जनाबाई गप्प.

मला वाटलं विसरल्या. मी हळूच सांगितलं, "हे पाणी..."

"इसरली न्हाय मी," त्या म्हणाल्या. "मना सगला पाठ हाय. त्या वाक्य मी बोलनार न्हाय."

तालीम थांबली. बाळाराम होडीतून उतरून आले. "जनाबाय, नाटक हाय यो. मी काय खरा देव हाय का?"

"तू देव हो नायतर राजा हो. तुला कोन नको बोलतो? मना सांग, उद्या खुर्चीत कोन बसनार?"

"शेठ."

"आनि फाटक कोनाचा?"

बाळारामांनी मागे वळून फाटकाकडे बघितलं.

सुलभा म्हणाली, "आपण ते वाक्य काढूनच टाकू. तेवढंच ना?"

मी म्हटलं, नाही. मला आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मी ताडताड बोलले. म्हटलं, ते वाक्य काढलं तर नाटक उरतच नाही, नुसती फुलांची परडी उरते. सगळा वादच त्या वाक्यावर आहे. ते तसंच्या तसं ऐकलं तरच लोकांना टोचेल. जनाबाईंना मी म्हटलं, "हे तुमचं बोलणं नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसाचं आहे."

"मंग ज्यांची जमीन होती ती मानसा कुठं होती?"

"असतील तिथेच कुठेतरी. काठावर उभी राहून बघत असतील."

"त्यांना समजला का?"

"कसं समजणार? नाटक फ्रेंचमध्ये होतं."

जनाबाईंनी टोपली खाली ठेवली. "त्यांना समजला नसंल, म्हनून गप रायली असतील. मना समजतंय ना पन."

तरी माझा हट्ट सुटला नाही. मनात म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या की म्हणतील. नट असतातच असे.

दुपारी जनाबाईंच्याच घरी जेवण होतं. भांडण झालं म्हणून त्यांनी आमंत्रण मागे घेतलं नाही. आम्हाला पाट दिले, तांदळाची भाकरी वाढली, मऊ आणि पांढरीशुभ्र. ज्वारीच्या भाकरीला सरावलेल्या माझ्या हाताला ती तोडताही येईना. ताटात निवट्यांचं कालवण होतं. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे, डोळे डोक्यावर असणारे मासे. सकाळी ढक्क्याखाली मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसले होते. आता तेच डोळे रश्श्यातून माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि मग ताट पुसून खाल्लं. आमच्या तांबड्या रश्श्याला मागे सारील असं तिखट. जनाबाई पहिल्यांदाच हसल्या. "कोल्हापूरची बाय रडतेय बघ!"

आम्ही हात धूत होतो तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, वय पस्तिशीचं. मोहनशेठचा माणूस, सुधीर. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरून नमस्कार केला, तोही सुलभाला.

"मॅडम, तालमीत काही वादविवाद झाला म्हणे."

"नाटकात होतोच," सुलभा म्हणाली.

"शेठ साधा माणूस आहे. ढक्का नीट करून दिलाय, लाखाचं काम. उद्या बाहेरगावचे पाहुणे येणारेत. त्यांच्यासमोर कुणी वेडंवाकडं बोललं तर शेठला वाईट वाटेल." मग तो जनाबाईंकडे वळला. "काकी, खाडीत जायचा रस्ता आमच्याच जागेतून हाय. आमी कधी आडवला का? वॉचमन सोडतोच ना?"

जनाबाई भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोरतो. टोपली उघरून बगतो आनि सोरतो."

"चोऱ्या होतात म्हनून." सुधीरनं गाडीला किक मारली. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी लांबून आलाव. उद्या नाटक करून परवा जाल. ह्यांना इथंच राहायचं हाय."

धमकी म्हणावी तर आवाजात साखर होती. परतीच्या रिक्षात मी सुलभाला म्हटलं, "रद्द करू या. मी आजारी पडले म्हणून सांग."

"रद्द केलं तर त्याचा दोष जनाबाईंवर जाईल," ती म्हणाली. "आणि वाक्य काढलं तरी तो म्हणणार, का काढलंत? आता ते वाक्य तुझंही राहिलं नाही आणि माझंही."

नारपोलीत लूम चालू होते.

रविवार, ढक्का

भरती दुपारी होती, म्हणून नाटकही दुपारी. फाटक सताड उघडं, वॉचमन नव्या टोपीत, रस्त्यावर झेंडूच्या माळा. ढक्क्यावर खुर्च्या, मागे मांडव, मांडवामागे मोहनशेठचा जनरेटर घरघरत होता. अख्खं गाव जमलं होतं. बायका एका बाजूला, डोक्यावर पदर घेऊन. आमच्याकडे अशा कार्यक्रमात बायका मागे बसतात. इथे त्या सरळ पुढे, पाण्याच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या आणि मोठमोठ्याने बोलत होत्या. दोन हवालदार पानाच्या टपरीजवळ उभे होते.

मोहनशेठ आले. मी कुणीतरी राकट माणूस कल्पनेत रंगवला होता. हे बुटके, चष्मा लावलेले, थकलेले दिसत होते. आमच्या टेबलाशी येऊन त्यांनी मला हात जोडले. "मॅडम, मी पॅरिसला तीन दिवस राहिलो. भाषा येत न्हाय, नुसता बोटानं दाखवत फिरलो. तुमचा मान मोठा हाय." मला ते आवडले. त्यामुळे आणखीच अवघडल्यासारखं झालं.

माझं काम निवेदनाचं आणि वाक्य पुरवण्याचं. होड्या लांब असल्यामुळे माझ्यापुढेही माईक होता. समोर माझी संहिता, हातात पेन्सिल. सत्कार झाला, शाल झाली, भाषणं झाली. मग मी निवेदन केलं. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट थोडक्यात सांगितली. रहिवाशांच्या भूमिका फ्रेंचांनीच केल्या होत्या, हेही सांगितलं.

बाळारामांची होडी वळणावरून आली. कापसाची दाढी, लूमवरच्या निळ्या कापडाचं वस्त्र मागे पाण्यात लोळतंय, हातात त्रिशूळ. पोरंटोरं किंचाळली. होडी दोराने ढक्क्याला बांधली, त्यांनी आशीर्वाद दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोहनशेठनी उठून नमस्कार केला. लोंब्या आल्या. मीठ आलं. कापड आलं. शेठ प्रत्येक नजराण्याला हात लावत होते आणि बाजूच्या टेबलावर ठेवत होते.

चौथी होडी लागली. जनाबाईंचा भाचा वल्ह्यावर होता. त्या उभ्या राहिल्या, टोपली धरली, ओळी म्हणाल्या. आणि थांबल्या.

मला ठाऊक होतं त्या थांबणार. तरी मनातल्या मनात मी म्हणत होते, बोला, बोला. होडी भरतीच्या पाण्यावर वरखाली होत होती. टोपली त्यांच्या हातातच होती. आधी बायका गप्प झाल्या, मग पुरुष. सुधीर खुर्चीमागून निघून ढक्क्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

"वाक्य विसरल्या वाटतं," पाहुण्यांपैकी कुणीतरी हसत म्हणालं.

मोहनशेठ माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याकडं लिहिलेलं हाय ना? सांगा त्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुलभाही. माझ्यापुढे ते वाक्य होतं, माझ्याच अक्षरात. मी नुसतं वाचलं असतं तरी ते माईकवरून सगळ्या खाडीवर गेलं असतं. मग जनाबाईंनी म्हटलं काय आणि न म्हटलं काय, ते बोललं गेलं असतं. त्यांच्या नावाने, माझ्या तोंडून. आदल्या दिवशी मी ज्याला नाटकाचा जीव म्हणत होते, ते माझ्या जिभेवर आलं आणि मला ते म्हणवेना. जनाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या शेठकडेच बघत होत्या.

मी माईक जवळ ओढला. "चौथ्या होडीला इथे वाक्य नाही," मी म्हटलं.

सुधीर म्हणाला, "असं कसं? काल तर होतं."

"नाही," मी पुन्हा म्हटलं. "लेखकाने दिलं होतं ते तिचं नव्हतं."

मग जनाबाई बोलल्या. मोठ्याने नाही. बाजारात भाव सांगावा तशा.

"मोहन, तुजे बापाबरोबर मी यो खारीत जालं टाकलीत. तुला खांद्यावर घेऊन मी यो ढक्क्यावर आनलाय. फाटक कशाला बांदलास? आमी चोर हाव का?"

काठावरच्या बायकांमधून 'हो ना' असा एक आवाज उठला आणि पसरला. सुधीरनं मांडवाकडे हात केला. जनरेटर बंद पडला. माईक मेला. इतका वेळ कानात असलेली घरघर गेली आणि काठावर आपटणारं पाणी एकदम ऐकू यायला लागलं. हवालदार टपरीवरून पुढे सरकले. सुलभाने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिची नखं मला लागत होती.

अशा वेळी पुढचं वाक्य कोण बोलणार? मला वाटलं कुणीच नाही. आता ढकलाढकली होणार. आणि मग पाण्यावरून बाळारामांचा आवाज आला. त्यांना माईक कधीच लागत नव्हता.

"मी समुद्र हाय," ते म्हणाले. दाढी वाऱ्याने तिरकी झाली होती, पण कुणी हसलं नाही. "ही खारी माजी हाय. माजे वाटंवर फाटक कोनी बांदला? कोनाला इचारून बांदला?"

लोक उठूनच उभे राहिले. हा माणूस काल म्हणत होता, मी काय खरा देव हाय का. त्यांचं गोदाम शेठकडे होतं, हे त्या काठावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे ते बोलणं नुसतं नाटकातलं राहिलं नाही.

सुधीर खाली वाकला आणि त्यानं बाळारामांच्या होडीचा दोर ढक्क्यावरच्या खुंटावरून सोडून दिला. रागात केलं असेल, विचार करून नसेल. पण भरती संपून ओहोटी लागली होती. होडी गर्रकन फिरली. पाण्यात लोळणारं निळं वस्त्र होडीखाली ओढलं गेलं आणि त्याबरोबर बाळाराम एका गुडघ्यावर आले. त्रिशूळ पाण्यात गेला. बायका ओरडल्या. ते लांब कापड भिजून जड झालं होतं आणि त्यांना खाली खेचत होतं. होडीचं एक अंग पाण्याला टेकलं.

"कापड फाड! बाळ्या, कापड फाड!" जनाबाई ओरडत होत्या. भाच्याने वल्हं मारून त्यांची होडी आडवी घातली. जनाबाईंनी टोपली टाकली, मासे होडीत विखुरले, आणि दोन्ही हातांनी त्यांनी बाळारामांच्या होडीची कड धरली. प्रवाह दोन्ही होड्यांना खेचत होता.

"सुधीर!" मोहनशेठ उभे होते. चष्मा हातात. "दोर धर! मेल्या, दोर धर!"

भाच्यानं आपल्या होडीचा दोर फेकला. सुधीरनं धरला. त्याच्यामागे शेठनी धरला, त्यांच्या मागे गावातल्या चौघापाचजणांनी. सत्काराची शाल चिखलात पडली. होड्या काठाला आल्या तेव्हा बाळाराम अर्धे भिजलेले होते आणि दाढीचा कापूस गळ्यात लोंबत होता. जनाबाईंची बोटं कडेवरून सुटत नव्हती. एका बाईने ती एकेक करून सोडवली.

मोहनशेठ धापा टाकत होते. मग ते जनाबाईंना म्हणाले, "काकी, दिवसा फाटक उघडा राहील. टोपली कोन बगनार न्हाय. रातचा बंद. माल असतो माजा."

"भरती पाटंची असली तर?"

त्यांनी चष्मा पुसला, तो लावला, आणि ते न जेवताच गाडीत जाऊन बसले. त्यांच्या पाठोपाठ पाहुणे गेले. हवालदार परत टपरीकडे वळले.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा जनाबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "बाय, तू खोटा बोललीस. वाक्य लिवलेला होता."

"हो," मी म्हटलं.

"बरा केलास." आणि विखुरलेले मासे वेचायला गेल्या.

नंतर

दुसऱ्या दिवशी मी एसटीने परतले. वाटेत पाऊस नाही, गचके नाहीत, काही नाही. तरी मी खिडकीची दांडी धरून बसले होते, असं शेजारच्या बाईने सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

पुढची हकीकत सुलभाच्या फोनवरून कळत गेली. फाटक दिवसा उघडं असतं. रात्रीचं अजून बंद. पहाटेच्या भरतीला जनाबाई आणि बाकीच्या लोखंडावर दगड आपटून वॉचमनला उठवतात. तो शिव्या देतो आणि उघडतो. मोहनशेठनी बाळारामांचं गोदाम सोडलं. कितीतरी महिने ते रिकामं होतं. बाळारामांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण सुलभा सांगायची, ते रस्त्यात तिला भेटले की थांबत नाहीत.

मी माझं भाषांतर पुन्हा काढून बसले होते. त्या शेवटच्या वाक्यापाशी आले की पेन्सिल थांबायची. वकिलाने ते लिहिलं आहे, तर भाषांतरात ते राहणारच. ते मी बदललं नाही. पण त्याखाली एक टीप लिहायला घेतली आणि ती नाटकाएवढी लांब झाली.

मग उन्हाळ्यात सुलभाचा फोन आला. जत्रेत गावाच्या नाट्यमंडळाने ते नाटक पुन्हा केलं होतं. आम्हा दोघींना विचारलं नव्हतं. खाडीवर नव्हे, देवळापुढच्या स्टेजवर. त्यात आता फाटक होतं, वॉचमन होता, चौथी होडी पहिली येत होती आणि जनाबाईंची भूमिका सगळ्यांत मोठी होती. समुद्रदेव बाळारामच. सुलभा गर्दीत मागे उभी राहून बघून आली.

"माझं किती उरलंय त्यात?" मी विचारलं. विचारताना मला आत कुठेतरी दुखलं, हे नाकारत नाही.

"एखाददुसरी ओळ. समुद्राच्या भाषणात."

"आणि त्या फ्रेंच वकिलाचं नाव घेतलं?"

"नाही. प्रयोग संपल्यावर कल्याणच्या एका वार्ताहराने विचारलं, नाटक कोणाचं आहे म्हणून. बाळाराम दाढी काढत होते. ते म्हणाले, 'आमचे गावाचा हाय.'"